बागेचे प्रश्न: तुती अर्ध्यावर तोडावी का?

प्रश्न: आमच्या कुंपणाला लागून सुमारे 15 वर्षांची तुती आहे. फळे भरपूर येतात, परंतु फांद्या शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेल्या आहेत आणि एक फांदी विजेच्या तारेकडे झुकली आहे. झाड अर्ध्यावरून तोडले तरी पुन्हा फुटेल, असे माळी म्हणतात. माझे दीर बीड जिल्ह्यात रेशीमशेती करतात. तेही तुती दरवर्षी बुडापासून छाटतात. मात्र पावसाळ्यात एक फांदी तोडली तेव्हा पांढरा चीक बराच वेळ गळत राहिला, त्यामुळे धीर होत नाही. काय करावे?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर: झाड फुटेल, हे माळीदादांचे म्हणणे खरे आहे; पण फुटले म्हणजे त्याला इजा झाली नाही, असे कृपया समजू नये. रेशीमशेतीतली तुती मुळात झाड म्हणून वाढवलेलीच नसते. व्ही-1 सारख्या जातींची लागवड पहिल्यापासून झुडूप म्हणून राखतात आणि काड्या बोटाएवढ्या जाड असतानाच कापतात, त्यामुळे जखमा लहान राहतात व लवकर भरून येतात. आपल्या झाडाच्या फांद्या आता मनगटाहून जाड असणार. तुतीची 2 इंचांहून जाड फांदी कापली की त्या जखमेवर साल यायला कित्येक वर्षे लागतात, कधी ती येतच नाही, आणि तोवर पाणी व बुरशी आत शिरून खोड कुजू लागते. वरून मात्र कापाच्या कडेने धुमाऱ्यांचा झुपका जोमाने उगवतो, म्हणून झाड सुधारले असे वाटते. या धुमाऱ्यांची पकड वरवरची असते. पुढे ते जाड व जड झाले की वळवाच्या वाऱ्यात बुडापासून उचकटून पडतात. म्हणून झाड अर्ध्यावर तोडू देऊ नये.

त्याऐवजी उंची आणि पसारा दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करावा व एका वर्षी हिरव्या पसाऱ्याचा चौथ्या भागाहून अधिक काढू नये. छाटणी डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत, पाने गळून डोळे अजून फुगलेले नसताना करावी. पावसाळ्यात झाड ऐन वाढीत असल्यामुळे चीक गळला. त्याने झाड मरत नाही, पण ओली जखम आणि दमट हवा बुरशीला सोयीची असते. आधी वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या व आत वळलेल्या फांद्या काढाव्यात आणि मग गच्चीकडे गेलेल्या फांद्या एखाद्या बाजूच्या फांदीपर्यंत मागे आणाव्यात. फळ गेल्या हंगामातल्या काडीवरच्या नव्या फुटीवर येते, त्यामुळे सगळ्या काड्या सरसकट सपाट कापू नयेत.

जाड फांदी काढणे अटळच असेल तर तीन कापांत काढावी. खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक-तृतीयांश जाडीपर्यंत करवत चालवावी, मग त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदीचे वजन उतरवावे आणि शेवटी उरलेला खुंट कापावा. फांदी खोडाला मिळते तिथे सालीवर सुरकुत्या असलेला फुगीर भाग दिसतो. झाड जखम भरते ती याच भागातून. म्हणून काप त्याच्या लगेच बाहेर घ्यावा, खोडाशी सपाट घेऊ नये आणि लांब खुंटही ठेवू नये. एका घावात तोडायला गेल्यास फांदी पडताना खोडाची साल हातभर सोलत नेते. कोयत्यापेक्षा धारदार करवत व सिकेटर (छाटणीची कात्री) बरे.

बोर्डो पेस्टने, म्हणजे मोरचूद व चुन्याच्या लेपाने, जखम भरत नाही, ती काही आठवडे बुरशीला अटकाव करते. तरी इंचाहून मोठ्या कापांवर ती लावावी, असे माझे मत आहे. 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि 100 ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून, गार झाल्यावर ढवळत एकत्र करावे. त्यात लोखंडी सुरी बुडवून पाहावी; पात्यावर तांबूस झाक आली तर आणखी चुना घालावा.

तारेकडची फांदी स्वतः किंवा माळ्याकडूनही तोडून घेऊ नका. वीज कंपनीला कळवून, पुरवठा बंद करवून, त्यांच्याच माणसांकडून ती काढून घ्यावी. उरलेले काम करणाऱ्याने पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे व चष्मा घालावा, कारण चिकाने काहींच्या त्वचेची आग होते. शिडीच्या शेवटच्या पायऱ्यांवर उभे राहून करवत चालवू नये. शहरी हद्दीत 1975 च्या झाडे संरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे परवानगीचा अर्ज आधी करावा. फांद्यांत घरटे असेल तर पिल्ले उडेपर्यंत थांबावे.

छाटणीनंतर खोडापासून हातभर दूर आळे करून दोन-तीन घमेली कुजलेले शेणखत द्यावे, पाणी द्यावे आणि पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.

प्रश्न: आमच्या तुतीचे शेंडे आखडले असून पाने जाड, गडद हिरवी व चुरगळलेली झाली आहेत. आत कापसासारखे पांढरे काही दिसते. कोणते औषध मारावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर: हा टुकरा आहे, म्हणजे गुलाबी पिठ्या ढेकणाचा उपद्रव, कोरड्या उन्हाळ्यात तो बळावतो. घरच्या झाडावर विषारी फवारणीची गरज नाही. आखडलेले शेंडे खालच्या निरोगी पानापर्यंत कापून थेट पिशवीत टाकावेत व जाळावेत, कारण जमिनीवर पडू दिले तर किडे पुन्हा झाडावर चढतात. उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. त्याच पानांत मेणचट पांढऱ्या झालरीची, चपळ चालणारी अळी दिसल्यास ती मारू नये. ती बहुधा पिठ्या ढेकूण खाणाऱ्या ढालकिड्याची असते. एवढे करूनही फवारणी करावीच लागली, तर त्या झाडाची पाने कोणाही रेशीम उत्पादकाला देऊ नयेत, कारण कीटकनाशकाच्या थोड्या अंशानेही रेशीमकिडे मरतात.