आधी भेगा, मग भांडी

प्रिय,

तुमच्या ख्रिस्ती विद्यार्थी मंडळाच्या इमारतीबद्दलचं तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन बसले आणि ‘साउंड सिस्टिम’ जिथे जिथे आलं तिथे खूण केली. अकरा वेळा. ‘छत’ एकदाच, तेही कंसात.

तुझी अडचण कळली. देणगीदार मोठी रक्कम द्यायला तयार आहेत, पण ती फक्त सभागृहासाठी. स्टेज, स्पीकर, मोठा पडदा आणि दारावर त्यांच्या आईच्या नावाची पाटी. इकडे इमारत गळते, वायरिंग कुणी घातलंय ते कुणाला आठवत नाही, आणि कमिटी म्हणते की प्रभूने दार उघडलंय तर तू का आडवा उभा राहतोस? आपलाच विश्वास थिटा पडतोय का, असं तू मला विचारलंस.

ते मला विचारू नकोस. परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या जिन्यात प्रार्थनेला मुलं गोळा करणाऱ्याला मी काय विश्वास शिकवणार? मी बावीस वर्षं कोषाध्यक्ष होते. मला इमारतीचं विचार.

बायबलमधलं २ राजे, अध्याय १२. तू वाचलाच असशील, पण हिशोब लिहिणाऱ्या माणसासारखा पुन्हा वाच. योवाश राजाने याजकांना, म्हणजे मंदिराच्या पुजाऱ्यांना, सांगितलं की आलेल्या पैशातून मंदिराची मोडतोड दुरुस्त करा. त्याच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष उजाडलं तरी एक भेग बुजलेली नव्हती. पैसे कुणी खाल्ले असं तिथे लिहिलेलं नाही. पैसे येत होते आणि रोजच्या रगाड्यात जात होते, बस. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि वेदीच्या उजव्या अंगाला ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघं मिळून पैसे मोजायचे. दोघं, हे ध्यानात ठेव. तो पैसा गेला सुतार, गवंडी, पाथरवट यांच्याकडे, लाकूड आणि घडीव दगडाकडे. आणि तेरावं वचन मुद्दाम सांगतं की त्यातून चांदीचे प्याले केले नाहीत, कर्णे केले नाहीत. ती भांडी पुढे झाली, २ इतिहास २४ मध्ये आहे ते. दुरुस्ती पुरी झाल्यावर उरलेल्या पैशातून.

आधी भेगा, मग भांडी. माझं सगळं शहाणपण एवढंच आहे, आणि ते मला फुकट मिळालेलं नाही.

आमची इमारत कॉलेजच्या मागच्या फाटकाला लागून होती, जुनं दुमजली घर. ताब्यात आली तेव्हा आम्ही सगळे तुझ्यासारखेच खुळावलो होतो. हॉलला रंग दिला, बाक पॉलिश केले, नवा कीबोर्ड आणला. छताचं पुढच्या वर्षी बघू म्हणालो. कोपऱ्यात एक पिवळट डाग होता, त्यावर रंगाचे दोन हात जास्त मारायला लावले. ते सांगणारी मीच. मग सुट्टी लागली आणि मुलं घरी गेली. विद्यार्थ्यांच्या इमारतीचं हे एक वेगळंच दुखणं आहे. ती वर्षातले काही महिने रिकामी असते आणि पाणी नेमकं तेव्हाच शिरतं. गच्चीचं पन्हळ पानांनी तुंबलं होतं. पाणी साचलं, मुरलं, आणि कुणी बघायला नव्हतं. सुट्टी संपल्यावर कुलूप उघडलं तर आत ओल्या चुन्याचा वास. छताचा खाटेएवढा तुकडा कीबोर्डवर येऊन पडला होता. एक मुलगा वाकून त्याच्या पट्ट्या दाबून बघत होता. आवाज येत नव्हता, तरी तो एकेक पट्टी दाबतच होता.

हॉल भरलेला असता तर? रविवारी संध्याकाळी त्या कोपऱ्यात पहिल्या वर्षाच्या मुली बसायच्या. हे आठवलं की अजून माझी झोप जाते, म्हणून तुला रागावून लिहितेय. राग तुझ्यावर नाही.

म्हणून येत्या शनिवारी एक काम कर. झाडूचा दांडा घे आणि सगळ्या खोल्यांचं छत, भिंती हलके ठोकत जा. धरून ठेवलेला गिलावा खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. बद्द वाजेल तिथे खडूने वर्तुळ काढ. त्याखाली कुणाला बसू देऊ नकोस, त्याच दिवसापासून. मग वर जा, पन्हळी आणि पाणी निघायच्या वाटा हाताने साफ कर. पाणी खाली कुठे दिसतं आणि वर कुठून शिरतं, या दोन जागा बहुतेकदा वेगळ्या असतात. डागाच्या डोक्यावर डांबर फासून काही होत नाही. मुख्य बोर्ड उघडायला मात्र तू जाऊ नकोस, जाणकार वायरमन बोलाव. मोठे स्पीकर आणि पडदा जुन्या वायरिंगवर चढवले तर काय होईल हे त्यालाच तुझ्या कमिटीसमोर सांगू दे. तुझं ऐकणार नाहीत, त्याचं ऐकतील. भिंती फोडायच्या असतील तर आधी इंजिनियरला दाखव, कारण कुठली भिंत भार घेते हे प्रार्थनेत कळत नाही. जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, जुन्या रंगात शिसं. ‘मुलं श्रमदान करतील’ म्हणून त्यांच्या हाती छिन्नी-हातोडे देऊ नकोस. बाहेर पडायची दारं बाहेरच्या बाजूला उघडू देत. आणि चाकाच्या खुर्चीवरच्या मुलासाठी उतार करायचा तो एका फूट उंचीला बारा फूट लांब. त्याहून उभा केलास तर तो फोटोपुरताच.

हे सगळं कंटाळवाणं आहे, माहीत आहे. छत दुरुस्तीचं उद्घाटन होत नाही आणि सांडपाण्याच्या लाइनवर कुणी आईच्या नावाची पाटी लावत नाही.

आता तू जॉर्ज म्युलरचं, इंग्लंडात प्रार्थनेच्या भरवशावर अनाथगृहं चालवणाऱ्याचं, नाव काढलंस, त्यावर. त्याने कधी कुणाकडे पैसे मागितले नाहीत, कर्ज काढलं नाही, ब्रिस्टलला अ‍ॅशले डाउनवर १८४९ मध्ये पहिलं अनाथगृह उघडलं आणि १८७० पर्यंत अशी पाच उभी राहिली. सगळं खरं. पण तुमच्या कमिटीत म्युलर सांगणारे १८५७ च्या नोव्हेंबरातला बॉयलर सांगत नाहीत. थंडी तोंडावर आलेली, शेकडो मुलं, आणि ऊब देणारा बॉयलर गळायला लागला. तोही चहूबाजूंनी विटांनी बांधलेला, त्यामुळे गळती कुठे आहे हे बाहेरून दिसेना. म्युलरने दोन गोष्टींसाठी प्रार्थना केली. वारा दक्षिणेचा, उबदार होऊ दे आणि कामगारांना कामाची आस लागू दे, यरुशलेमचा कोट बांधणाऱ्या नहेम्याच्या दिवसांतल्यासारखी. वारा फिरला, कामगार रात्रभर राबले. पण त्याआधी त्याने काय केलं? दुरुस्तीचा दिवस ठरवला, विटा फोडायचं पक्कं केलं. त्यावर रंग नाही फासला. शिवाय तो दरवर्षी आलेल्या-गेलेल्या पैशाचा हिशोब छापून काढायचा. विश्वास आणि पावतीपुस्तक त्याच्या घरी एकत्र नांदत होते.

कर्जाबद्दल थोडक्यात सांगते, नाहीतर डोकं तापेल माझं. आपल्या कामात पिढी तीन-चार वर्षांची असते. जी मुलं टाळ्या वाजवून ‘आम्ही फेडू’ म्हणतात ती पदवी घेऊन जातात, आणि हप्ते राहतात ते अजून बारावीला असलेल्या मुलांच्या गळ्यात. त्यांना कुणी विचारलंय का? माजी विद्यार्थ्यांनी लिहून दिलेले आकडेही फळ्यावर मांडू नकोस, त्यातले काही येतात, काही येत नाहीत, आणि न देणारे वाईट नसतात, त्यांची नोकरी गेलेली असते. बँकेत जमा झालं तेवढंच फळ्यावर. लूकच्या शुभवर्तमानातल्या, अध्याय १४ मधल्या बुरूज बांधणाऱ्यावर तू मागे भक्तीच्या वेळी छान बोलला होतास. आधी बसून खर्चाचा अंदाज काढतो तो हाच. आणि जुन्या इमारतीत त्या अंदाजावर आणखी १५-२० टक्के बाजूला ठेव, भिंत उघडल्यावर आत काय निघेल सांगता येत नाही. ठेकेदाराला कामाच्या टप्प्याटप्प्याने दे, शेवटचे पाच-दहा टक्के एक पावसाळा गेल्यावर. आपला माणूस आहे, मंडळीतला आहे, म्हणून लेखी करार नको असं कुणी म्हणालं तर त्याच्याशी दोनदा लेखी कर.

आमच्या एका विश्वस्तांनी मला त्याच २ राजे १२ मधलं पंधरावं वचन काढून दाखवलं होतं. मुकादमांकडे हिशोब मागत नसत, कारण ते प्रामाणिकपणे वागत. मी म्हटलं, बरोबर, पण त्याआधी पेटी दोघांनी मोजलेली होती.

मोठी मोठी बोलतेय. आता माझंही ऐक.

एका वर्षी शिबिराच्या फंडातून मी सुताराचं बिल भागवलं. ठराव होता, तिघांच्या सह्या होत्या, दोन महिन्यांत पै न पै परत भरली. सुताराच्या घरी आजारपण होतं, त्याला थांब म्हणणं मला जमलं नसतं. आजही तशी वेळ आली तर काय करेन, सांगता येत नाही. दुसरा मार्ग मला कुणी दाखवलेला नाही, आणि ज्यांनी नंतर नाकं मुरडली त्यांनी तेव्हा खिशात हात घातला नव्हता. पण ते बिल कसलं होतं माहितेय? खिडक्यांचं नव्हे, दाराचं नव्हे. स्टेजच्या कठड्याचं, कोरीव. शिबिर पुढे ढकलावं लागलं. एका मुलीने शिकवण्या घेऊन त्या फंडात पैसे भरले होते. तिने विचारलं, ताई, तारीख का बदलली? मी म्हटलं, जागा मिळाली नाही. खोटं बोलले. कमिटीला हे कधी सांगितलं नाही, तुला सांगतेय. बायबलमधल्या प्रेषित पौलाने मंडळ्यांचं दान पोचवताना बरोबर इतर माणसं पाठवली, कुणाला बोट दाखवायला जागा नको म्हणून. मी ते वचन दर वार्षिक सभेत वाचून दाखवायचे.

म्हणून ज्या कामासाठी पैसा आला त्याच कामाला तो. देणगीदारांची रक्कम हॉलसाठी घेऊन गुपचूप छताला वापरायची, ही तुझ्या मित्राची युक्ती विसर. हेतू चांगला आहे म्हणून ती चोरी व्हायची थांबत नाही. त्यांना सरळ लिही. गच्चीवर घेऊन जा, त्यांच्याच हाताने दांडा मारून ती बद्द जागा ऐकव. आईच्या नावाची पाटी कुठे लावायची ते नंतर बोलू, छताखालचा प्रत्येक माणूस त्या आईच्या छताखाली बसेल असं सांग. खोटं नाही ते. नाही म्हणाले तर नमस्कार कर आणि पैसे येऊ देऊ नकोस. हे लिहिताना माझाही हात अडखळतोय, कारण तेवढी रक्कम मी माझ्या बावीस वर्षांत एकगठ्ठा पाहिलेली नाही.

आणि अगदीच जमलं नाही तर हॉल वर्षभर बंद ठेव. इफिस शहरात पौल दोन वर्षं तुरन्नाच्या पाठशाळेत रोज बोलत होता. ती जागा त्याची नव्हती. कॉलेजची एखादी वर्गखोली संध्याकाळी मिळते का ते आधी विचार, आणि परवानगी लेखी घे.

देणगीदारांना लिहिलेलं पत्र पाठवण्याआधी मला दाखव. ‘नम्र विनंती’ एकदाच येऊ दे. आणि शनिवारी खडूची वर्तुळं किती निघाली ते खोलीवार लिहून पाठव, फोटो नकोत, फोटोत आवाज येत नाही.

तुझी,
ताई