स्लजचं सल्फोनेट, फाटणारं कूलंट आणि रिपोर्टातला आकडा

नमस्कार भाऊ. व्हाइट ऑइलच्या (शुद्ध, रंगहीन खनिज तेलाच्या) कारखान्यातलं ॲसिड स्लज, म्हणजे तळाचा आम्लयुक्त गाळ, स्वस्तात घेतलं, कॉस्टिक सोड्याने न्यूट्रल करून सोडियम सल्फोनेट (तेल पाण्यात धरून ठेवणारा इमल्सिफायर) काढलं, त्यावर सोल्युबल कटिंग ऑइल (पाण्यात मिसळून मशीनवर कूलंट म्हणून वापरायचं तेल) बनवलं, लॅबने ॲक्टिव्ह, म्हणजे खरं सल्फोनेट, ५८ टक्के लिहून दिलं आणि तरी गिऱ्हाइकाच्या मशीनवर कूलंट दोन दिवसांत फाटतंय, तेल आणि पाणी वेगळं होतंय, असं तुम्ही लिहिलंय. हे सगळं मी भोसरीत भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो. मिसळायचा क्रम, ढवळणं वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

व्हाइट ऑइल बनवताना तेलाला ओलियम (अतितीव्र सल्फ्युरिक आम्ल) दिल्यावर दोन थर होतात. तेलाच्या थरात राहतात ती तेलात विरघळणारी सल्फोनिक आम्लं, ज्यांना धंद्यात महोगनी म्हणतात. खाली स्लजमध्ये जातात ती मुख्यतः पाण्यात विरघळणारी, ग्रीन ॲसिडं. कटिंग ऑइलला लागतं ते वरच्या थरातलं आणि तुम्ही घेतलाय खालचा. शिवाय स्लजमध्ये मोकळं सल्फ्युरिक भरपूर असतं. कॉस्टिक घातलं की त्याचं सोडियम सल्फेट होतं. ते काढलं नाही तर ड्रमच्या तळाशी बसतं आणि इमल्शनही (तेल-पाण्याचं दुधाळ मिश्रण) बिघडवतं. चांगल्या मालात आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याने क्षार वेगळे करतात. बाजारातल्या नेहमीच्या ग्रेडमध्ये सल्फोनेट ६० टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक तेल, थोडं पाणी आणि क्षार जेमतेम असतात.

आता तुमच्या ५८ टक्क्यांकडे येतो, कारण माझे सर्वांत जास्त पैसे याच जागी गेले. लॅब हे टायट्रेशनने काढते, म्हणजे ब्युरेटच्या नळीतून द्रावण थेंबथेंब सोडून. त्यात टक्के मोजले जात नाहीत, मोल (रेणूंची संख्या) मोजले जातात. टक्के काढायला इक्विव्हॅलंट वेटने (इथे एका मोलच्या वजनाने) गुणावं लागतं, आणि ते वेट बहुतेक वेळा मोजलेलं नसतं, धरलेलं असतं. इमल्सिफायरच्या सोडियम सल्फोनेटचं वेट साधारण ४०० ते ४७० च्या घरात असतं. ५०० च्या वरचा माल गंजरोधकाकडे जातो. समजा लॅबने ४५० धरलं आणि तुमच्या मालाचं खरं वेट ३०० आहे. मग रिपोर्टात ६० येतं तिथे प्रत्यक्षात ४० च असतं. त्यातून हलकं सल्फोनेट पाण्याकडेच ओढ घेतं, तेलाचा थेंब नीट धरत नाही, वर मलई येते आणि मग तेल सुटतं.

मी ज्या लॅबकडे जात होतो तिने कुठलं वेट धरलं ते रिपोर्टावर छापलंच नव्हतं. विचारलं तर उत्तर एकच, ‘आमची पद्धत प्रमाणित आहे.’ ब्युरेटचं मूळ रीडिंग मागितलं तर ते गोपनीय म्हणे! माझ्याच सॅम्पलचं रीडिंग, माझ्याच पैशातून काढलेलं. दरम्यान गिऱ्हाइकाच्या जॉबवर गंज चढत होता, बिलं अडकली होती, आणि सप्लायर तोच रिपोर्ट माझ्यासमोर नाचवत होता. शेवटी दुसरीकडे एएसटीएम डी ३७१२ या प्रमाणित चाचणीने तपासून घेतलं. त्यात सल्फोनेट आणि तेल वेगळं करून सरासरी रेणुभारही मिळतो, तेव्हा कुठे उलगडा झाला. लॅबची शिफारस करणाऱ्या एका कार्यालयाकडेही तक्रार दिली होती. त्याची पोचसुद्धा आली नाही. हा राग अजून जात नाही, माफ करा.

तर माझं मत (केवळ मत, तुमचा माल मी पाहिलेला नाही): स्लजचा नाद सोडा. ते घातक कचऱ्यात मोडतं, २०१६ च्या नियमांनुसार परवानगीशिवाय उचलता येत नाही, आणि उरलेला चिखल शेवटी तळोजा किंवा रांजणगावच्या घातक कचरा केंद्राकडे द्यायचाच असतो. तो खर्च धरला की स्वस्त काहीच राहत नाही. सरळ तेलाच्या थरातलं सोडियम सल्फोनेट घ्या. तेही हल्ली कमी होत चाललंय, कारण व्हाइट ऑइल आता हायड्रोजनेशनने बनतं आणि ग्रुप दोनच्या (जास्त शुद्ध केलेल्या) बेस ऑइलमध्ये, म्हणजे मूळ तेलात, सल्फोनेट व्हायला लागणारे ॲरोमॅटिक्स (बेंझिनसारखी कडी असलेले रेणू) जवळपास उरतच नाहीत. म्हणून मी तरी हेवी अल्किलेटच्या सल्फोनेटकडे वळलो. डिटर्जंटसाठी लिनिअर अल्किल बेंझिन बनवताना ते उरतं. बॅच दर बॅच बरंच सारखं निघतं. जुने लोक नाकं मुरडतात, पण मला ते जमलं. महाग पडतं, हेही खरं.

दोन गोष्टी जाता जाता. एक, लॅबमध्ये इमल्शन डिस्टिल्ड पाण्यात पाहू नका, गिऱ्हाइकाच्या बोअरचंच पाणी आणा. पाण्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि सल्फोनेट उलट्या बाजूचं, म्हणजे तेलात पाण्याचे थेंब असलेलं, इमल्शन करू लागतं. दुसरं, गंज थांबवायला कोणी सोडियम नायट्राइट सुचवलं आणि तुमच्या फॉर्म्युल्यात डायइथेनॉलअमाइन (कूलंटमध्ये घालतात ते एक अमाइन) असेल, तर अजिबात घालू नका. दोन्ही एकत्र आले की नायट्रोसअमाइन तयार होतं, ते कॅन्सरकारक आहे, आणि मशीनवरचा माणूस तो तुषार दिवसभर श्वासात घेतो.

पाण्याचा कडकपणा, बेस ऑइल कुठलं आणि टॉल ऑइलचा (पाइन लाकडाच्या लगद्यातून निघणाऱ्या तेलाचा) साबण किती टक्के आहे ते इथे लिहा. त्याशिवाय को-इमल्सिफायरचं (सल्फोनेटच्या जोडीला घालायच्या इमल्सिफायरचं) प्रमाण सांगणं म्हणजे अंदाज होईल.