औषधाचे नाव शेवटाकडून ओळखा

म्हापशाहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. आईच्या रक्तदाबाच्या गोळीवरचे ‘हायड्रोक्लोरोथायाझाइड’ हे नाव फार्मसीत सांगताना जीभ अडखळते. ते कसे म्हणावे आणि वहीत मराठीत कसे लिहावे?

ताई, आधी तुकडे पाडा: हायड्रो, क्लोरो, थायाझाइड. पहिले दोन शाळेतल्या हायड्रोजन-क्लोरीनचेच भाऊबंद. ‘सीएच’ ही अक्षरे पाहून ‘च’ म्हणू नका. शब्द ग्रीक मुळाचा, म्हणून ‘क’. ‘थाया’ हा गंधकाचा निदर्शक, तोही ग्रीकच. आघात कुठे द्यायचा याची चिंता नको, सगळी अक्षरे स्पष्ट आली की पुरे. गोव्यात पोर्तुगीज शिकलेले कुणी हेच नाव ‘इद्रोक्लोरोतियाझीदा’ असे म्हणतील, कारण त्या भाषेत सुरुवातीचा ‘ह’ उच्चारत नाहीत. तेही चूक नव्हे.

बहुतेक नावांची खरी किल्ली मात्र शेवटाला असते. जागतिक आरोग्य संघटना औषधांना जगभर चालणारी सामायिक नावे सुचवते. पहिली यादी १९५३ साली निघाली. एका जातीच्या औषधांना शक्यतो एकच शेवट देतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन ही रक्तदाबाची एक जात. अटेनोलोल, मेटोप्रोलोल ही दुसरी. ‘व्हास्टॅटिन’ आले की कोलेस्टेरॉल. शेवट ओळखीचा झाला की नवे नाव निम्मे आधीच तोंडात बसलेले असते.

आता लिहिण्याचे. बऱ्याच पाकिटांवर देवनागरी नाव छापलेले असते, पण ते हिंदी वळणाचे. ‘पैरासिटामोल’मधल्या दोन मात्रा हिंदीत जवळजवळ आपल्या ‘ॅ’सारख्या उच्चारतात, म्हणून मराठीत पॅरासिटामॉल. ‘पैंटोप्राजोल’ पाहून जेवणातला ‘ज’ लावू नका. तिथे नुक्ता, म्हणजे अक्षराखालचे टिंब, गळालेला असतो. आपल्याकडे पँटोप्राझोल, ‘माझा’मधला ‘झ’. हा ‘झ’ मराठीत आहे म्हणून ही नावे आपल्याला नुक्त्यावाचून नेमकी लिहिता येतात, आणि ती तशी लिहावीत असा माझा आग्रह आहे.

एवढे मात्र कराच: औषध घेताना नुसत्या उच्चारावर विसंबू नका. हायड्रॅलाझिन रक्तदाबाचे, हायड्रॉक्सिझिन खाज-ॲलर्जीचे. घाईत दोन्ही सारखीच ऐकू येतात. डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुने पाकीट दोन्ही काउंटरवर दाखवा, आणि वहीत नावापुढे मिलिग्रॅमही लिहून ठेवा.