आजींनी सांगितलेलं साल

प्रश्न : मौखिक इतिहासाच्या प्रकल्पासाठी मी एका आजींची मुलाखत घेतली. त्यांनी सांगितलेलं लग्नाचं साल कागदपत्रांशी जुळत नाही. दुरुस्त करू का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : नको गं, त्यांचे शब्द तसेच ठेव, कागदावरचं साल तळटीपेत दे. तारखांसाठी कागदपत्रं आहेत, आजींकडे आपण त्यांच्या आठवणीसाठी जातो.

माझ्या पहिल्या मुलाखतीत आजोबा थांबले की मी लगेच पुढचा प्रश्न टाकायचे. रात्री ध्वनिमुद्रण ऐकताना दर वेळी त्यांनी बोलण्यासाठी घेतलेला श्वास ऐकू आला, आणि त्यावर माझाच आवाज. फार वाईट वाटलं. दुसऱ्या भेटीत मी गप्प बसले, तेव्हा ते धाकट्या भावाबद्दल बोलले.

तूही पुन्हा जा. त्या सालात घरात आणखी काय घडलं होतं, एवढंच विचार आणि थांब.