समोर काटा असताना लहान विमानाचे इंधन हवेतच कसे संपते?

तुमचा प्रश्न असा आहे की, इंधनाचा काटा डोळ्यांसमोर असूनही लहान विमान इंधन संपल्यामुळे कसे कोसळते. नागपुरात सोनेगावला मी लहान विमानांच्या देखभालीचे काम केले आहे, त्या आधारे उत्तर देतो.

सेसना 152 सारख्या विमानातला काटा टाकीतल्या फ्लोटवर (इंधनावर तरंगणाऱ्या भागावर) चालतो आणि वळणात किंवा धक्क्यांत इंधन हिंदकळले की तोही डुलतो. म्हणून उड्डाणापूर्वी पंखावरचे झाकण उघडून डिपस्टिकने (खुणा असलेल्या मोजपट्टीने) इंधन मोजायचे आणि हवेत घड्याळावर हिशेब ठेवायचा, अशी रीत आहे. या विमानाच्या टाक्यांत सुमारे 98 लिटर मावते, त्यातले 93 च्या आसपास वापरता येते आणि तासाला साधारण 23 लिटर जळते. मात्र दोघे धडधाकट माणसे बसली की वजनाच्या मर्यादेमुळे टाक्या पूर्ण भरता येत नाहीत, आणि अडचण इथूनच सुरू होते.

समजा, 65 लिटर घेऊन कोणी नागपूरहून छत्रपती संभाजीनगरला निघाले. सरळ अंतर सुमारे 400 किलोमीटर आहे. ताशी 185 किलोमीटर वेगाने सव्वादोन तासांच्या आत पोहोचता येते, आणि दिवसाच्या उड्डाणासाठी आवश्यक असलेला अर्ध्या तासाचा राखीव साठाही हिशेबात बसतो. पण समोरून ताशी 37 किलोमीटरचा पश्चिमेचा वारा लागला, तर हाच प्रवास पावणेतीन तासांवर जातो आणि तो अर्धा तास वाऱ्यातच खर्च होतो. त्यात वर गेल्यावर मिक्श्चर (इंजिनात जाणारे हवा-इंधनाचे मिश्रण) पातळ केले नसेल, म्हणजे त्यातले इंधन कमी केले नसेल, तर हिशेबापेक्षा जास्त इंधन जळते. अशा वेळी इंजिन बंद पडते ते मुक्काम जवळ आल्यावर, म्हणजे उतरण्यासाठी उंची सोडलेली असताना. 300 मीटर उंचीवरून तरंगत जेमतेम पावणेतीन किलोमीटर जाता येते, तेवढ्यात मोकळे शेत सापडेलच असे नाही.

त्यामुळे केवळ निष्काळजीपणा म्हणून या अपघातांकडे पाहणे मला अपुरे वाटते. खरा निर्णय वाटेत घ्यायचा असतो: ठरवल्यापेक्षा जास्त वेळ लागतो आहे हे घड्याळावर दिसताच अमरावतीचा बेलोरा किंवा अकोल्याचा शिवणी विमानतळ गाठायचा. ‘आता थोडेच राहिले’ या विचाराने वैमानिक पुढे जात राहतो आणि तेच मला सर्वांत घातक वाटते. राखीव साठ्याला हात लागणार असे दिसले, तर नियंत्रण कक्षाला ‘मेडे फ्युएल’ (इंधनामुळे आलेल्या संकटाची हाक) असे स्पष्ट कळवावे, म्हणजे त्या विमानाला उतरण्यासाठी अग्रक्रम मिळतो.