हातावरच्या शिरा तटतटल्यात, बीपी तर नाही?

प्रश्न : माझं वय ५९. वर्षभरात दोन्ही हातांवर हिरव्या-निळ्या शिरा तटतटून दिसायला लागल्यात. भाकरी थापताना तर जास्तच. सून म्हणते बीपी वाढलं असेल, शेजारीण म्हणते अशक्तपणा. दुखत काही नाही. वजन ४ किलो उतरलंय, पण मी रात्रीचा भात सोडलाय. तपासण्या करू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, आधी एक करून बघा. हात खाली सोडून बसा, शिरा भरू द्या. मग हात हळूहळू डोक्याच्या वर न्या. शिरा चपट्या झाल्या ना? म्हणजे रक्त हृदयाकडे नीट उतरतंय. हात वर नेऊनही त्या फुगलेल्याच राहिल्या, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

बीपी मोजतात ते धमन्यांमधलं, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्यांमधलं. हातावर दिसतात त्या रक्त परत नेणाऱ्या शिरा, त्यामुळे सूनबाईंचा अंदाज चुकला. तरीही या वयात बीपी मोजून घ्याच, ते वाढलेलं बहुतेक वेळा जाणवतच नाही. अशक्तपणाचं म्हणाल, तर रक्त कमी असलं की आम्ही पापणी ओढून बघतो, शिरा नाही.

वयानं कातडी पातळ होते, खालची चरबी झिजते. त्यात तुमचं वजन उतरलेलं आणि तव्याची धग. उष्णतेनं शिरा फुगतातच. आमच्या सिस्टरला असले हात फार आवडतात, सलाईन पहिल्या टोचणीत लागतं. गुबगुबीत हात समोर आला की आम्हालाच घाम फुटतो.

सलाईननंतर एखादी शीर सुतळीसारखी कडक, लाल आणि दुखरी झाली, तर ती सूज असते. कोमट शेकानं बहुधा उतरते. ताप आला किंवा पू दिसला तर थांबू नका.

मला धास्ती असते ती एकाच हाताची. मागे तिशीतला एक रंगारी आला होता. छत रंगवून उजवा हात सुजलेला, निळसर, जड, खांद्यावर आणि छातीवर शिरा उमटलेल्या. लचक समजून दोन दिवस तेल चोळत बसला होता. निघाली रक्ताची गुठळी. असं काही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, आणि हात अजिबात चोळायचा नाही.

हात वर नेल्यावर शिरा चपट्या होत असतील, तर त्यांच्यासाठी तपासणी नको. भात सोडून वर्षात ४ किलो जाणं पटण्यासारखं आहे. पण वजन आता थांबलंय की अजून उतरतंय? उतरत असेल तर शुगर आणि थायरॉइड बघून घ्या, आणि मला पुन्हा लिहा.