एकाच कुळातील घरांची आडनावे वेगवेगळी का असतात?

सातारा-सांगलीकडे मूळचे चव्हाण किंवा पवार असलेल्या घराण्याला दुसरेच आडनाव कसे लागले, याचे उत्तर बहुतेक वेळा गावात किंवा वतनात (वंशपरंपरेने चालत आलेल्या हक्कात) सापडते. जतचे डफळे मूळचे चव्हाण. डफळापूरची पाटीलकी त्यांच्याकडे असल्यामुळे गावाचेच नाव घराण्याला मिळाले. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार, आणि ज्या गावावरून हे आडनाव पडले ते निंबळक आजही फलटण तालुक्यात आहे. पाटील, देशमुख ही तर सरळ हुद्द्याची नावे असून ती निरनिराळ्या जातींत आढळतात, त्यामुळे शेजारच्या दोन गावांतील पाटील एकमेकांचे भाऊबंद असतीलच असे नाही. म्हणूनच आपल्याकडे सोयरीक जुळवताना नुसते आडनाव न विचारता कूळ आणि देवकही (कुळाने पूज्य मानलेले झाड, प्राणी किंवा वस्तू) विचारतात. आपल्या घराण्याचे मूळ शोधतानाही सुरुवात तिथूनच करावी.